सरबताचा बर्फ

हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. तुम्हाला सांगायचं तर कुठून सुरू करू? माझ्या चोखपणापासूनच करतो — सगळं त्याच्याच आडोशाला झालं.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत मी सहायक होतो. सगळे मला भाऊ म्हणत. फ्रीजर उणे वीस म्हणजे उणे वीस. माझा आकडा कुणी पडताळत नसे.

तिथे रेखा संशोधन करायची. डिंडोलीची मुलगी, वडील कापड रंगवण्याच्या कारखान्यात. तिथल्या रसायनांनी कामगारांच्या रक्तातलं एक एन्झाइम कमी होतं का, हा तिचा प्रश्न. ते ओळखायला परदेशी अँटिबॉडी लागे — कुपीत थोडासा द्रव, त्या एन्झाइमलाच चिकटणारा. चिकटला की पातळ पडद्यावर रेघ उमटते. उकाड्यात राहिला की निकामी होतो. मला माहीत नव्हतं का? तिला ते मीच बजावलं होतं.

मे महिन्यात कुपी मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात आली. स्टेशनवरून ती मी घेतली. प्रयोगशाळेत जाताना वाटेत — वाटेत नव्हे, वाट वाकडी करून — नवागामला पुतणीच्या साखरपुड्याला गेलो. मुलाकडची मंडळी आलेली, सरबत कोमट. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, बर्फ आहे ना तुमच्याकडे! का तोही मापून देणार?" लोक हसले. मी खोकं उघडलं आणि सगळा बर्फ सरबताच्या पातेल्याभोवती ओतला.

लगेच निघू म्हटलं. जेवणं झाली, पानं झाली. संध्याकाळी पत्र्याखालचं खोकं उचललं, तेव्हा कुपी हाताला गरम लागली. तशीच नेऊन फ्रीजरमध्ये ठेवली. उणे वीस.

रेघ उमटली नाही. कामगारांच्या रक्तात नाही, निरोगी माणसाच्या रक्तातही नाही, जिथे ती उमटायलाच हवी होती — आणि निरोगी म्हणून घेतलेलं रक्त माझं होतं. रेखानं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. अँटिबॉडीच खराब असेल, असं ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना म्हणालीसुद्धा. सर म्हणाले, "भाऊंनी स्वतः आणलीय ती. आधी तुझा हात बघ."

मी तिथेच होतो, बाटल्या पुसत. एक वाक्य पुरलं असतं. का नाही निघालं? नोकरी जाणार नव्हती. नाव जाणार होतं, इतकंच.

सर गेल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, माझाच हात वाईट आहे का हो?"

मी म्हणालो — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — "सगळ्यांना जमतंच असं नाही."

दुसरी कुपी सरांनी मागवली नाही. रेखानं संशोधन सोडलं आणि सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात कामाला लागली. तिचे वडील त्याच रंगखात्यात जात राहिले. तिचा प्रश्न मग कुणी विचारला नाही.

तिचा हात चांगला होता. मला तेव्हाही माहीत होतं.