श्राद्धाचा पौष्टिक बेत

गेल्या वर्षी मी मोबाइलवर पोषणशास्त्राचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि घरातली सगळी पोटं बिघडली.

सुरुवात आप्पांपासून झाली. आप्पा माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. शर्टात माणूस आहे की नुसता हँगर, कळेना. मला खरंच भीती वाटायची. म्हणून मी उपचार सुरू केले. कच्ची मोडाची मटकी, जवसाची पूड, कोंड्याची पोळी! आप्पा निमूट खायचे (माणूस भिडस्त) आणि मग दुपारभर पोट धरून बसायचे.

"गॅस होतोय म्हणजे पोट कामाला लागलंय, आप्पा!" मी धीर द्यायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर! पण सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं.

"उडदाचे वडे, तुपातली खीर... पचणार कुणाला?" मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, श्राद्ध आहे, आरोग्य शिबिर नाही!" सुधीर कळवळला.

मी ऐकलं नाही. वडे मटकीचे, तेही भाजलेले. कोशिंबीर कच्च्या कोबीची. आणि खीर दाट व्हावी म्हणून तीत इसबगोल!

जेवणं झाली. गुरुजी आशीर्वादाचे मंत्र म्हणू लागले. सगळे हात जोडून गप्प. त्या शांततेत कुणाच्या तरी पोटातून लांबलचक गुरगुर आली. पलीकडून तिला उत्तर आलं. गुरुजींनी मंत्रांचा वेग वाढवला. आणखी वाढवला. मग मध्येच थांबून, घाम पुसत म्हणाले, "वहिनी, बाथरूम कुठल्या तरफ आहे?"

आणि सोवळं सावरत धावले! पण आत आधीच मोरारहून आलेले काका होते. आमचं हिंदी मुलखातलं सरकारी क्वार्टर, बाथरूम एकच. माझी मुलगी ओरडत आली, "मम्मी, बाहर लाइन लगी है! आत्या म्हणतेय, शेजारच्यांचं बाथरूम खुलवा!"

मी सासूबाईंच्या फोटोसमोर रडू आवरत उभी होते. त्यांचा दिवस मी नासवला होता. तेवढ्यात मागून चमत्कारिक आवाज आला. देवा, आता आप्पाही?

पण आप्पा हसत होते! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझी सासू असती ना, तर रांगेतल्यांनासुद्धा आग्रह करून वाढलं असतं तिनं!"

सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बोलले. मग हसता हसता रडायलाच लागले. मी जवळ बसून राहिले.

बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाले, "सूनबाई, भूक लागलीय. मऊ भात टाकतेस? तूप-मीठ घालून. त्यात दुसरं काही टाकू नकोस हं!"

सगळा भात त्यांनी संपवला. पोटही दुखलं नाही. नंतर डॉक्टरांनी मलाच समजावलं, उतारवयात पचन मंदावतं, दुःखात तर जास्तच. पचेल तेच अंगी लागतं. आता आप्पा एकटे जेवत नाहीत, आम्ही सगळे सोबत बसतो.

नातेवाइकांनीही मला माफ केलंय. परवा नया बाज़ारातल्या माझ्या नणंदेनं मुंजीचं आमंत्रण दिलं.

"सगळे या हं, वहिनी," ती फोनवर म्हणाली. "आणि तू अगदी हात हलवत ये!"