बर्फातली डॉक्टरीण

परवा दुपारी धारला घरी गच्चीत ऊन खात बसले होते, तेवढ्यात पुण्याहून काकूचा फोन आला. आधी थंडी किती, मग बाजारात गराडूचे कंद निघाले का... आणि एकदम म्हणाली, "अगं, त्या आपल्या डॉक्टरणीचं मी मनाशीच ठरवून टाकलं हं."

नेमकी हीच गोष्ट मी इतके दिवस टाळत होते...

काकू आत्ताआत्तापर्यंत आमच्याकडेच होती. माझी शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचायला मला तिनेच शिकवलं, ताटात पीठ पसरून त्यात बोट फिरवून. घरातले रीतीरिवाज, काय पाळायचं आणि कसं पाळायचं, तेही तिनेच.

आता तिला पडद्यावरची धावती अक्षरं दिसत नाहीत. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी एका रजईत बसून एक अंतराळाची मालिका बघायचो. बोलणं इंग्रजीत, सबटायटल हिंदीत, आणि मी वाचून सांगायची मराठीत.

मध्येच माझी हिंदी घुसायची. मी "बर्फ पिघळतोय" म्हटलं की ती म्हणे, "वितळतोय म्हण बाई, नाहीतर बर्फात अडकलेले ते बिचारे जगायचे नाहीत."

त्या दिवशीच्या भागात पाच जणांचं यान एका बर्फाळ ग्रहावर पडलं होतं. हीटर बंद, मदत यायला वेळ... ते गोल करून एकमेकांना टेकून बसायचे आणि पाळीपाळीने एकाला मधल्या उबेच्या जागेत घ्यायचे. कॅप्टनच्या अंगातला पातळ सूट बघून काकू आमच्या माळवी ढंगात म्हणाली, "ह्या भियाला घरून निघताना कोणी स्वेटर दिलं नाही का?"

पण तिचा जीव अडकला तो त्यांच्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरणीत. पाळी आली की ती दुसऱ्याला पुढे करायची... काकू पडद्याकडे बघून तिला रागवत होती, "अगं, तू बस ना आधी."

आणि तेवढ्यात देवासहून फोन आला. बाबांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी एक नाना गेले. मी त्यांना एकदाच, कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं.

मी टीव्ही बंद केला, वर चादर टाकली. सुतकात आमच्याकडे तेराव्यापर्यंत टीव्ही लावत नाहीत. आजकाल घरातही कोणी एवढं पाळत नाही, बाबा मोबाइलवर बातम्या बघतच होते... पण मला अर्धवट पाळणं जमत नाही. मग दिवसभर जिवाला काहीतरी लागून राहतं.

दोन दिवसांनी काकूने हळूच विषय काढला. "नाना जिवंतपणी कधी आपल्याकडे फिरकले नाहीत. आता माझ्या टीव्हीवर कशाला लक्ष ठेवतील?" मी हसले, पण नाही म्हटलं.

मग म्हणाली, "बघायचं नाही ना? बरं. मोबाइलवर नुसतं वाचून सांग, ती वाचते की नाही तेवढंच." मी म्हटलं, "काकू, बघणं काय आणि वाचणं काय, एकच ना."

तिने रजई पायावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मीच शिकवलं, आता मीच भोगते..."

मला वाटलं, ते मालिकेतले लोक कुठे पळून जाताहेत... तेरावा झाला की बघू.

तेराव्याला आम्ही सगळे देवासला गेलो. पुण्याहून काकूचा मुलगा, दादा, गाडी घेऊन आला होता. काकू कायमची त्याच्याकडे जाणार होतीच, पण होळीनंतर. जेवणं झाल्यावर तिथेच ठरलं, काकूला आत्ताच न्यायचं... गाडी रिकामीच परत जातेय, डोळेही लवकर दाखवता येतील, सामान मागून पाठवू.

सगळं इतकं सोयीचं होतं की नको म्हणायला कोणाला जागाच नव्हती. गाडीत बसल्यावर काच खाली करून काकू एवढंच म्हणाली, "त्या लोकांना फार दिवस बर्फात ठेवू नकोस गं."

संध्याकाळी धारला परत आले, टीव्हीवरची चादर काढली आणि उरलेला भाग एकटीने बघितला. मदतीच्या यानाचे दिवे दिसले, चौघं धडपडत उठले... डॉक्टरीण तशीच बसून राहिली. शेवटची पाळीसुद्धा तिने दुसऱ्याला दिली होती.

हे काकूला फोनवर कसं सांगायचं... म्हणून प्रत्येक वेळी मी काही ना काही दुसरंच बोलायचे.

परवा तिनेच सांगितलं. "वाचली गं ती. मोठ्या यानात नेलं तिला. तिथे हीटर आहे, जेवण वेळेवर आहे, पोरं चांगली आहेत सगळी. फक्त जो तो कानात ते घालून बसलेला असतो. ती आपली खिडकीशी बसते... बर्फात निदान सगळे टेकून तरी बसले होते."

मग विचारलं, "बरोबर ना?"

मी घरी पोचल्याशिवाय 'पोचले' असा मेसेजसुद्धा टाकत नाही... तरी म्हटलं, "हो काकू. असंच दाखवलंय."

"बघ, मला वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाजात किती समाधान होतं...

आता दर रविवारी पुढचे भाग फोनवर वाचून दाखवायचं ठरवलंय. त्यात डॉक्टरीण नाही, तिला मलाच कुठेतरी खिडकीशी बसवावं लागेल. त्या खोट्याचं मला काही वाटत नाही... पण त्या तेरा दिवसांत काकू माझ्या शेजारी बसलेली होती, आणि मी त्या टीव्हीवरची चादर नीट करत होते.