उणे उजेड

उजेड कधी उणे होत नाही. फार तर विझतो, म्हणजे शून्य होतो. त्याच्या खाली उतरायला त्याला पायरीच नाही. आणि मी नांदेडच्या कॉलेजात नेमकं तेच घेऊन बसले होते: उजेडाकडून आकडेमोड करून घ्यायची, तीही उण्या आकड्यांसकट. पीएचडीच्या नादात माणूस कुठं कुठं जाऊन बसतो!

युक्ती तशी सोपी. एका लेझरचे दोन फाटे करायचे, एकावर अधिकचे आकडे, दुसऱ्यावर उणेचे, आणि शेवटी दोन्हीकडचा उजेड मोजून वजाबाकी. लेझर लुकलुकला तरी दोन्ही फाटे मिळून लुकलुकतात, म्हणून ती गडबड वजाबाकीत निघून जाते. उरलेली थरथर घालवायला तेच गणित पुन्हा पुन्हा करून सरासरी काढायची. पडदे ओढलेले, पंखा बंद, तांबूस अंधार. त्या खोलीत दुपार कधी सरायची कळायचं नाही. मी खुर्चीत अर्धवट झोपेत, आणि समोर उजेड मुकाट्यानं वजाबाक्या करतोय. मला ते फार आवडायचं.

दसरा झाला की लातूरहून परीक्षक येणार होते. यंत्र त्यांच्यासमोर चाललं तरच माझी पीएचडी. खंडेनवमीला आई चाकूरहून आली. घरी विळी-कोयता पुजणारी बाई, लेकीचं यंत्र तसंच कसं सोडेल? मी तिला कॉलेजातल्या त्या खोलीत बसवून झेंडू आणायला गेले, तेवढ्यात तिनं झाकण उघडून हळद-कुंकू वाहिलं. सढळ हातानं.

परीक्षेच्या सकाळी पाचातून पाच वजा केले, तर शून्याऐवजी थोडं अधिकच उरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. थरथर असती तर कधी वर, कधी खाली गेली असती. हे सारखं एकाच बाजूला झुकत होतं, सरासरी काढून काय उपयोग? टॉर्च घेऊन एकेक भिंग पाहिलं. उणेच्या फाट्यातल्या भिंगावर कुंकवाची धूळ बसली होती. तिथं उजेड कमी पडत होता.

"माझ्यामुळं बिघडलं व्हय गं?" आई दारातून म्हणाली.

"हाव, तुझ्यामुळंच." मला रागच आला होता. भिंग पुसता पुसता तो उतरला. "निघालं आता. बस तिथं, कशाला हात लावू नको."

परीक्षकांनी तिनातून पाच वजा करायला सांगितलं. पडद्यावरचा आकडा थरथरला, घुटमळला आणि ठरला. उणे दोन. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मान डोलावली.

बाहेर आले तर आईचा चेहरा उतरलेला.

"उणे आलं न्हवं? मी बघितलं. पुन्हा बसता येतं का गं परीक्षेला?"

"आई, उणेच यायला पाहिजे होतं. पास झाले मी."

ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. पदरानंच डोळे पुसत ती म्हणाली, "भूक लागली लई. सकाळपासून पाणीबी उतरलं न्हाई घशाखाली."