ठोकळ्याला लागलेल्या मुंग्या

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचा स्लॅब जेसीबीने पाडला, तेव्हा आप्पा समोरच्या पारावर बसून होते. आप्पा म्हणजे माझे वडील, पलूस भागातले गवंडी. मिस्त्री म्हणून स्वतःच्या हिमतीवर घातलेला तो त्यांचा पहिला स्लॅब. नवी शाळा व्हायला त्यांची ना नव्हती. एवढंच म्हणाले, "सकाळपासनं लागलाय, अजून निम्माबी न्हाई पडला." हे त्यांनी जेसीबीवाल्यालाही दोनदा जाऊन सांगितलं.

पण पाडलेल्या स्लॅबचे तुकडे, ते सगळं राबिट, ओढ्यात टाकायचं ठरलं, तेव्हा मात्र त्यांचं जेवण तुटलं.

मी सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. मी ठोकळे फोडते. लोक काँक्रीटचे ठोकळे आणून देतात, मी ते मशीनखाली दाबते आणि किती भाराला फुटले ते लिहून देते. आमचे सर जुन्या काँक्रीटच्या मागे लागलेले. ते फोडायचं, खडी-वाळू बाजूला काढायची आणि उरलेली सिमेंटची भुकटी भट्टीत भाजायची, की ती पाणी घातल्यावर पुन्हा घट्ट होते. नव्या सिमेंटपेक्षा आच कमी लागते, चुनखडीही जाळावी लागत नाही, म्हणून हवेत कार्बन कमी जातो. मी सरांना विचारलं, शाळेच्या हेडबाईंना विचारलं. ठरलं असं, की या भुकटीचा ठोकळा अठ्ठावीस दिवसांनी भार सोसून दाखवेल तर नव्या शाळेपुढचा बसायचा कट्टा तिचाच. नाहीतर ओढा आहेच.

"मेलेलं सिमेंट परत जितं व्हतंय व्हय? कायतरीच तुझं," आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी हातोडी घेऊन ढिगावर जाऊन बसले.

चाळलेल्या भुकटीचे दोन डबे आम्ही एसटीने सांगलीला नेले. कंडक्टरने विचारलं, "काय हाय डब्यात?"

"राबिट," मी म्हटलं.

सांगलीजवळचं माधवनगर येईपर्यंत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत.

भुकटी भाजून झाली. "हे काही सिमेंट नाही, आप्पा, ही वेगळीच वस्तू आहे," असं मी त्यांना चांगलं तीनदा शिकवलं. कालवायला तेच बसले. पाणीसुद्धा स्वतः आणलं, मला बादलीला हात लावू दिला नाही. एक डबा संपवून तीन साचे भरले.

तिसऱ्या दिवशी साच्यात माझं बोट सरळ आत गेलं. सरांनीही घालून बघितलं. म्हणाले, "मूळ स्लॅबमध्येच सिमेंट कमी पडलं असेल." आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला सरांचा इतका राग आला की मी चहाच केला नाही.

साचे धुवायला उचलले तर त्यांना मुंग्या. खिडकीपासून साच्यापर्यंत शिस्तीत रांग. इतकी वर्षं ठोकळे फोडतेय, सिमेंट खाणारी मुंगी मी पाहिली नव्हती.

"आप्पा, काय घातलंत यात?"

"काय न्हाई."

"आप्पा!"

"वाईच गूळ."

मी कपाळावर हात मारला. "आवं, जन्मभर सिमेंट कालवलंत तुम्ही! गुळाने सिमेंट धरत नाही, माहीत नाही तुम्हाला?"

"सिमेंटात कोण घालंल? मला काय खुळं समजतीस?" तेही चिडले. "तूच म्हनालीस, ह्ये सिमेंट न्हाई. भाजल्याली भुकटी म्हंजी चुना. वाईच्या घाटावर माझ्या वस्तादानं चुन्यात गुळाचं पाणी घातल्यालं मी बघितलंय. त्या पायऱ्या अजून हलल्या न्हाईत." मग आवाज खाली आला. "म्हटलं, चांगलं धरू दे. एकदाच मिळनार हाय."

मी त्यांना तीनदा शिकवलं होतं, विचारलं एकदाही नव्हतं.

एक डबा उरला होता. सरांना मुंग्या दाखवल्या, ते वाकून बघून "चुकलं माझं, मिस्त्री" म्हणाले. आप्पांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि उरलेला डबा नुसत्या पाण्यात कालवून साचे भरले. दुसऱ्या दिवशी त्या साच्यांत बोट गेलं नाही. अठ्ठावीस दिवस ठोकळे पाण्यात होते आणि आप्पांचा रोज सकाळी फोन. "हायत न्हवं?"

फोडायच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. पहिला ठोकळा मी मशीनखाली ठेवला तर म्हणाले, "चांगला धरलाय की. फोडता कशापायी?"

सर म्हणाले, "फोडल्याशिवाय ताकद कळत नाही, मिस्त्री."

"ह्याचं परत भाजून व्हईल?"

"होईल की."

"मग फोडा."

ठोकळा वेळ घेत फुटला. सरांनी आकडा वाचला, कट्ट्याला पुरून उरेल म्हणाले. आप्पांना आकडा नको होता. मशीनखालचे तुकडे त्यांनी रिकाम्या डब्यात भरले, खालची भुकटीही तळहाताने पुसून घेतली. मी उगाच मशीन पुसत बसले.

संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरने डब्याकडे बोट केलं. "काय हाय त्यात?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "शाळा हाय. चौथीपातूर."