अध्यक्षांचा खड्डा

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना भिंत दिसली की तिच्यावर कोनशिला कुठे बसेल, हे आधी दिसायचं. पाण्याची टाकी असो की सायकल स्टँड, उद्घाटनाशिवाय त्यांनी काहीही वापरू दिलं नाही. जिन्यात नवी ट्यूबलाइट बसली तेव्हा फीत कापायला कात्री सापडेना. आम्ही सगळे अंधारात उभे राहिलो आणि कात्री येईपर्यंत अध्यक्ष प्रकाशावर बोलले.

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस नव्वदच्या सुमाराला गिरगावातली खोली सोडून वसईत आला होता. आपण ऐसपैस घरात आलो असं त्यांना वाटत होतं. आपला माणूस हद्दपार झाला असं गिरगावातल्या नातेवाइकांना वाटत होतं. थोरले भाऊ नाना तर इतक्या वर्षांत एकदाही फिरकले नव्हते. "तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?" असं नाना म्हणाले होते. दुखऱ्या दाताला जीभ पुन्हा पुन्हा लागावी, तसं अध्यक्ष ते वाक्य आम्हाला वरचेवर ऐकवत.

मग एका पावसाळ्यात जवळच्या उमेळे गावात, आम्हाला भाजी देणाऱ्या पास्कूमामांच्या वाडीत जमीन खचली. केळीच्या ओळीत विहिरीएवढा गोल खड्डा पडला, कुणीही न खणता. खालून पाणी वाहत असेल, त्यानं माती ओढून नेली असेल, असं जो तो म्हणाला. पास्कूमामा म्हणाले, "माझ्या केली गेल्या आत." अध्यक्ष म्हणाले, "हे भूविवर आहे." नानांना दाखवण्यासारखं काहीतरी वसईत अखेर निघालं होतं.

मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांना किल्ला दाखवा की."

"किल्ला पोर्तुगीजांचा," ते म्हणाले. "खड्डा आपला."

त्यानंतर सोसायटीत कुणाकडेही पाहुणा आला की अध्यक्ष त्याला उमेळ्याला नेत. आधी माहिती, मग एक मिनिट शांतता, मग दगड. पाहुण्यानं दगड टाकायचा आणि कानामागे हात धरून ऐकायचं, असा क्रम होता. पण दगड पडल्याचा आवाज फारच लवकर यायचा. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. तेव्हा दगड टाकणं ही निसर्गाची विटंबना आहे, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि शांतता वाढवली.

राजोडीच्या सहलीला आमची बस आधी उलट्या दिशेनं उमेळ्याला गेली. मुलं कुरकुरायला लागली. "अंकल, समुद्र कधी?"

"समुद्र कुठे पळून जातोय?"

"ओहोटी लागेल ना, अंकल."

लागलीच. राजोडीला पोचलो तेव्हा समुद्र चांगलाच आत गेला होता आणि मुलं चिखलात क्रिकेट खेळली.

पास्कूमामांची मात्र तक्रार नव्हती. "बगून जा, सायब. पन जाताना वांगी न्या," एवढंच ते म्हणायचे. खड्ड्यामुळे त्यांची वांगी खपत होती.

एवढ्यावर अध्यक्ष थांबले असते, तर ते अध्यक्ष कसले. खड्डा आहे, पण त्याचं उद्घाटन झालेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कडेला विटांचा भक्कम चौथरा बांधून घेतला, त्यावर संगमरवरी कोनशिला बसवली आणि पत्रिका छापल्या. प्रमुख पाहुणे, अर्थात, नाना. छापील पत्रिकेवर स्वतःचं नाव बघून नाना येतो म्हणाले. त्या आठवड्यात अध्यक्षांनी घराला रंग दिला, नवे पडदे लावले आणि मला रोज विचारलं, "येईल ना हो?"

रविवारी सकाळी आम्ही हार, वेफर्स आणि लाउडस्पीकर घेऊन पोचलो, तर चौथरा नव्हता. रात्रीत तो कोनशिलेसकट खड्ड्यात उतरला होता. जमीन कुठे पोकळ आहे हे दाखवण्यासाठी, नेमक्या त्याच जागी ओझं चढवण्याची कल्पना आमच्या कार्यकारिणीनं एकमतानं मंजूर केली होती.

पास्कूमामांनी वाकून बघितलं. "अजून दोन-चार चौथरे बांधा, सायब. खड्डा भरून जाईल. माझी माती वाचेल."

तेवढ्यात रिक्षा आली आणि नाना उतरले. अध्यक्षांनी घाईघाईनं माईक हातात घेतला. "उपस्थित बंधुभगिनींनो," असं म्हणून ते थबकले, कारण नाना हार चुकवून सरळ कडेपर्यंत गेले होते. त्यांनी आत बघितलं, मग धाकट्या भावाकडे.

"दत्तू, एवढ्यासाठी बोलावलंस मला?"

"नाही रे, नाना," अध्यक्ष म्हणाले. "साधं बोलावून तू येत नव्हतास."

माईक चालू होता. सगळ्या वाडीनं ते ऐकलं. त्यांच्या असंख्य भाषणांतलं मला शब्दशः पाठ आहे ते हे एवढंच.

नाना कडेवरून मागे फिरले. मग म्हणाले, "घर किती लांब आहे?"

"जवळच."

"चल मग. चहा टाकायला सांग."

दोघे त्याच रिक्षात बसून गेले. कार्यक्रमात शेवटी माझं आभारप्रदर्शन होतं. ते मी पास्कूमामांसमोर उरकलं. त्यांनी वांगी दिली.

दोन हजारनंतर उमेळ्याच्या वाड्यांमध्ये इमारती आल्या, तेव्हा कुणीतरी डंपरनं राडारोडा टाकून खड्डा बुजवला. त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्ष गेले. सोसायटीच्या आवारात शोकसभा झाली. उपाध्यक्षांनी त्यांना दूरदर्शी म्हटलं, चिटणिसांनी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं आणि खजिनदार तेच पुन्हा बोलले. मग नानांना दोन शब्द बोलायला विनंती केली गेली. नाना उठले नाहीत. बसल्या जागेवरूनच ते अध्यक्षांच्या पत्नीला म्हणाले,

"सुमन, घर विकू नकोस. रविवारी मी जायचं कुठे?"