आंदणाचे दात

लिझेटचा उजवा डोळा जन्मापासून बाहेरच्या बाजूला वळलेला. शाळेत पोरं म्हणायची, "हिचा एक डोळा लामेकवर, दुसरा मिस्कूवर." लामेक म्हणजे आमचं बेट आणि मिस्कू शेजारचं, त्यामुळे टोमणा अगदी बेतून शिवल्यासारखा बसला आणि आयुष्यभर उसवला नाही. दुकानात तिने काही मागितलं की गल्ल्यावरची मुलगी मागे वळून बघायची, ही बया बोलते कुणाशी म्हणून. त्यात वरचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. म्हणून लिझेट बोलायची जमिनीकडे बघून आणि हसायची तोंडावर हात धरून. लग्नाचा प्रश्न कुणी काढलाच नाही, तिनेही नाही. भावंडं पोटामागे माँक्टनला, माँट्रियलला पांगली, बाप वारला, आणि समुद्राकडे तोंड केलेल्या त्या घरात ती आणि तिची म्हातारी आई ऑलिडा, अशा दोघीच उरल्या. दिवसभर ती खेकड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभी असे. तिथे तिला बरं वाटे. तिथे सगळ्यांच्याच डोक्याला जाळी आणि तोंडाला फडकं.

छप्पन्नाव्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलायला गेली, तेव्हा तिथली तरुण डॉक्टरीण सहज म्हणाली, "हा डोळा सरळ करून घ्यायचा नाही का?"

"आता? या वयात?"

"वयाचं काय त्यात? आत स्नायू असतात, ते कमी-जास्त ताणून बांधायचे. एका सकाळचं काम."

लिझेट बाहेर येऊन गाडीत बसली आणि ढसाढसा रडली. देवाने दिलं म्हणून जन्मभर सोसलं, ते एका सकाळचं काम होतं! राग कुणाचा करावा हेही तिला कळेना. लहानपणी घरात नऊ पोरं होती, डॉक्टर पाण्यापलीकडे, आणि डोळा दुखत तर नव्हता. कोण नेणार होतं?

शस्त्रक्रिया माँक्टनला झाली. पट्टी निघाली तेव्हा डोळा कच्च्या मांसासारखा लाल होता आणि जगातली प्रत्येक वस्तू दोन-दोन दिसत होती. चहा कपात ओतायला जावं तर टेबलावर सांडे. पट्ट्यावर नसलेल्या नांगीला ती हात घाली. शेजारी उभी राहणारी नॉर्मा म्हणाली, "कुरकुरतेस कशाला? पगाराचा चेक बघ की, दुप्पट दिसेल." हळूहळू दोनाचं एक झालं. एक दिवस दुकानात लिझेटने पाव मागितला आणि गल्ल्यावरच्या मुलीने मागे न बघता दिला. घरी येऊन तिने हे आईला सांगितलं. ऑलिडाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझ्याकडे बघतेस गं पोरी, सरळ माझ्याकडे," म्हणाली, आणि रविवारी चर्चमधल्या संत अ‍ॅनपुढे मोठी मेणबत्ती लावून आली.

पण डोळे सरळ झाल्यावर आरशात तिला पहिल्यांदा नीट दिसले ते दात. एकदा भीड चेपली की माणूस थांबत नाही. लिझेट बॅथर्स्टच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि तारा लावून आली. ओठ आतून सोलवटले, तारेच्या टोकांवर मेण चिकटवावं लागे, आणि कोंबडीचा रस्सासुद्धा बटाटे कुस्करून पातळ करून गिळावा लागे. हे सगळं तिने आनंदाने सोसलं. आई मात्र गप्प झाली. संत अ‍ॅनपुढे यावेळी मेणबत्ती नाही, काही नाही. तारांकडे नजर गेली की म्हातारी मान फिरवायची.

गावात भलतंच सुरू झालं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या एमेरीने, ऐंशीच्या घरातल्या त्या विधुर कोळ्याने, तिला गाठलं.

"दात करून घेतेस म्हणे! कोण गं तो नशीबवान?"

"कोण कुठला, एमेरीकाका?"

"लाजतेस काय! दात उगीच करतं का कुणी? आम्हाला जेवणाचं आमंत्रण दे म्हणजे झालं."

त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे जुन्या काळी मुलीचे दात लग्नाआधी 'करत'. म्हणजे किडका-चांगला न बघता सगळे उपटायचे आणि पांढरीशुभ्र कवळी बसवून तिला सासरी पाठवायचं. बापाकडून हे आंदण. पुढे जावयाच्या खिशाला दातांची तोशीस नको! जावयाचे लाड कुठले लोक कसे करतील, काही नेम नाही. ऑलिडाच्या पिढीतल्या कितीतरी पोरी अशाच बोहल्यावर चढल्या आणि वर त्यांना भाग्यवान म्हटलं गेलं. त्यामुळे लिझेटच्या तारांवरून म्हाताऱ्यांनी लग्न जमवून टाकलं. एकीने तर हाताने शिवलेली गोधडी आणून दिली, ती परत घेईना.

लिझेट हसत घरी आली. "आई, ऐकलंस का, माझं लग्न ठरलंय!" तिने सगळी हकिकत सांगितली. ऑलिडा हसली नाही. उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच पुन्हा.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, नुसत्या तारांनी जागा होत नाही, वरचे दोन दात काढावे लागतील. लिझेटने रात्री जेवताना आईला सांगितलं.

"दोनच?" ऑलिडा म्हणाली. "सगळेच काढ म्हणावं. एकदाची पीडा जाईल."

"असं काय बोलतेस?"

"म्हातारपणी नटायची हौस! कुणाला दाखवायचेत ते दात?"

आणि ताट सरकवून खोलीत निघून गेली. त्यानंतर ती लिझेटशी कामापुरतं बोले आणि बोलतानाही खिडकीबाहेर बघे. लिझेटच्या जिवाला हे फार लागलं. सगळं गाव तोंड फिरवत होतं तेव्हा आईच काय ती तिच्या तोंडाकडे बघून बोलायची. आता गाव बघायला लागलं, तर आई बघेना. सरळ दात हवे होते, पण आईच्या बदल्यात नको. शेवटी एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली. ऑलिडा बटाटे सोलत होती.

"आई, मी आज बॅथर्स्टला फोन करते. दात काढत नाही. तारापण काढून टाका म्हणते. राहू दे तोंड होतं तसं. पण तू माझ्याकडे बघ."

ऑलिडाचा हात थांबला. ती म्हणाली, "माझे सरळ होते."

"काय?"

"दात गं. माझे सरळ होते. एकही किडलेला नव्हता. पाण्यापलीकडचा, शिपगानचा डॉक्टरसुद्धा बापाला म्हणाला, हिचे कशाला काढता? बाप म्हणाला, थोरलीचे केले, हिचे नको का करायला? दोघींत फरक केला म्हणतील लोक."

लिझेट खाली बसली. आईचं तोंड कवळीशिवाय कसं दिसतं, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. रात्री आईच्या खोलीचं दार लागलेलं असे, हा घरातला नियमच होता.

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"नाही कसं म्हणणार? कर्ज काढून आणलेलं आंदण. बहिणी म्हणत होत्या, काय नशीब काढलंस! एकोणीस वर्षांची होते मी. तोंडात कापूस कोंबलेला, रक्त गळतंय, आणि मी बापाला 'उपकार झाले' म्हणाले. दोनदा म्हणाले, कापसातून त्याला कळलं नाही म्हणून."

लिझेटने आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तो हात धरून बसली.

"तुझे सरळ व्हायला लागले," ऑलिडा म्हणाली, "आणि मला बघवेना. पोटच्या पोरीचा हेवा केला मी. तू फोन करू नकोस. दोन म्हणतोय ना, दोनच काढू दे. जास्त नाही. मी येते, दारात बसते."

आणि खरंच आली. चर्चला जायचा कोट घालून दवाखान्यात गेली, आणि डॉक्टरच्या तोंडासमोर दोन बोटं धरून म्हणाली, "दोन. तिसऱ्याला हात लावायचा नाही." डॉक्टर हसला, पण म्हातारी हसत नाही हे बघून त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

थोड्या वेळाने लिझेट बाहेर आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस. आईसमोर उभी राहून ती काहीतरी पुटपुटली. काय म्हणते ते कळत नव्हतं, म्हणून ती पुन्हा म्हणायला गेली. ऑलिडाने झटकन तिच्या ओठांवर हात ठेवला.

"कळलं," ती म्हणाली. "बोलू नकोस. आणि उपकारबिपकार तर मुळीच म्हणू नकोस. दात तुझे होते."