पुडीची मागची बाजू

"पोटॅशियम सात पॉइंट दोन आहे," डॉक्टर म्हणाले. "घरी मीठ कुठलं वापरता?"

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सकाळपासून पाय उचलवत नव्हते, म्हणून मी त्यांना उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. मला वाटत होतं की अर्धांगवायू आहे. मेंदूचं काहीतरी ऐकायच्या तयारीने मी उभी होते आणि हे तिशीतले डॉक्टर मला स्वयंपाकघरातलं विचारत होते. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "लो सोडियम. साधं मीठ आमच्याकडे सहा महिन्यांपासून बंद आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, त्यातलं सोडियम कमी करून पोटॅशियम घालतात. किडनीच्या पेशंटला ते देत नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

याला हायपरकॅलेमिया म्हणतात. रक्तात पोटॅशियम साचणं. ते साधारण पाचच्या आत असायला हवं. धडधाकट माणसाची किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकलेली असेल तर ते आतच राहतं, आधी हातापायांतली ताकद जाते आणि मग हृदय बंद पडू शकतं. आप्पांच्या नाडीचे ठोके मिनिटाला अडतीसवर आले होते.

हे सांगणारी मी कोण, तेही सांगते. बावन्न वर्षांची, लग्न न केलेली. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचं स्टोअर सांभाळते. आलेल्या प्रत्येक गोणीवरचं आणि ड्रमवरचं लेबल पुढून-मागून वाचल्याशिवाय मी माल आत घेत नाही. ड्रायव्हर लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. पोटॅशियम क्लोराइडच्या, म्हणजे त्या मिठात घालतात त्याच पदार्थाच्या, गोण्या आमच्याकडे तिसऱ्या रॅकवर असतात. रोज त्यांच्यासमोरून जाते.

सुरुवात त्याआधी वर्षभर झाली होती. आप्पांचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनी रक्तातली घाण किती साफ करते, ते या तपासणीवरून कळतं. त्या वेळच्या डॉक्टरांनी फाइलवर सही करताना सांगितलं, "मीठ कमी करा, खाण्यापिण्याचं जपा." जपा म्हणजे काय करा, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट खुर्चीत बसला होता.

मग मी शोधायला लागले. एका हॉस्पिटलने छापील कागद दिला, इंग्रजीत. त्यात अव्होकाडो टाळा, केल नावाची विलायती पालेभाजी टाळा असं लिहिलं होतं. आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला अव्होकाडोपासून वाचवायची वेळ कधी येणार होती, देव जाणे. भाकरी चालेल का, शेंगदाण्याचा कूट चालेल का, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मोबाइलवर पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगायचा, डाळ बंद करा. दुसरा पांढरा कोट म्हणायचा, म्हातारपणी डाळ वाढवा. बदलापूरला राहणारा धाकटा भाऊ सुनील घरच्या ग्रुपवर रोज सकाळी एक काढा पाठवायचा. खाली लिहायचा, 'ताई, करून बघ, नुकसान तर काही नाही.'

आप्पा कमी मिठाचं जेवेनात. कारखान्यात जन्मभर टर्नर म्हणून राबलेला माणूस, ताटावरून उठून जायचा. म्हणायचे, "अळणी गिळण्यापेक्षा उपाशी बरा." वजन उतरायला लागलं. अशात मला लो सोडियम मिठाचं कळलं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या दुकानदाराने पुडी काढून दिली. "दीदी, बीपीवाले सब यही ले जाते हैं." तो खोटं बोलला नाही. बीपीवाल्यांसाठी म्हणूनच त्याने दिली. किडनीचं त्याला मी सांगितलंच नव्हतं.

पुडीच्या पुढच्या बाजूला लाल हृदयाचं चित्र होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, किडनीचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच वापरा. मी पुडी उलटी केली नाही. घरचं सामान होतं ना.

ते मीठ चवीला कमी खारट लागतं. म्हणून मी प्रत्येक भाजीत चिमूटभर जास्तच घालत गेले. आप्पा पुन्हा पोटभर जेवायला लागले आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटच्या दोन आठवड्यांत आप्पांना ताप येऊन गेला. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. शेजारचे मोरेकाका रोज सकाळी नाक्यापर्यंत चालत जाऊन एक शहाळं घेऊन यायचे आणि समोर बसून आप्पांना प्यायला लावायचे. "गड्या, अंगात ताकद नको का?" शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असतं. ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी आधी हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. मग साखरेच्या पाण्यासोबत इन्सुलिन दिलं, त्याने पोटॅशियम काही तासांपुरतं रक्तातून पेशींत जातं. तेवढ्याने भागेना, तेव्हा डायलिसिस केलं. डायलिसिस म्हणजे रक्त मशीनमधून फिरवून साफ करून परत अंगात सोडायचं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून होते. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच चालू होतं, सहा महिने, दोन वेळचं जेवण, माझ्या हातचं.

दुसऱ्या दिवशी सुनील आला. डॉक्टरांनी त्याला शहाळ्यांबद्दल विचारलं, तेवढंच त्याने धरून ठेवलं. मिठाचं डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले होते. संध्याकाळी मोरेकाका भेटायला आले, हातात शहाळं होतंच. सुनील दारातच म्हणाला, "काका, तुमच्या शहाळ्यांनीच त्यांची ही अवस्था झालीय." काकांनी हातातल्या शहाळ्याकडे पाहिलं आणि ते घेऊन परत फिरले. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

आप्पा वाचले, पण किडन्या पुन्हा कामाला लागल्या नाहीत. आता आठवड्यातून दोनदा बदलापूरच्या सेंटरमध्ये डायलिसिस असतं. चार तास ते मशीनला, मी बाहेर. मोरेकाका त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. संध्याकाळी ज्या ओट्यावर हे दोघे तीस वर्षं बसले, तिथे आप्पा एकटेच बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मोऱ्याच्या शहाळ्याने घात केला." मी आत भाजी चिरत ते ऐकायची.

त्या सेंटरमध्ये दर गुरुवारी एक आहारतज्ज्ञ बाई येतात. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "घरात खाण्याचं जे जे आहे, ते पिशवीत घालून आणा. मसाले, बिस्किटं, काढे, सगळं." मी पिशवी नेली. त्यांनी एकेक पुडी टेबलावर उलटी करून ठेवली आणि मागची बाजू वाचायला लावली. माझंच काम मला शिकवत होत्या. मग मराठीत, स्वतःच्या हाताने लिहून दिलं. साधं मीठ, पण मोजून. बटाटा आणि पालेभाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. केळं, टोमॅटो, सुकामेवा, शहाळं नाही. अंगात रोगाशी लढायची ताकद कमी आहे, तेव्हा शिळं, बाहेरची कापलेली फळं, कच्ची मोडं नाहीत. आणि दुसऱ्या पेशंटचा कागद वापरायचा नाही, कारण प्रत्येकाचा रिपोर्ट वेगळा.

वीस मिनिटं लागली असतील. हीच वीस मिनिटं मला वर्षभर आधी कोणी दिली असती तर? हा प्रश्न मी कोणाला विचारू, ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या घरी असं म्हातारं माणूस असेल, तर एवढं करा. डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर ती पिशवीही न्या. हसतील, हसू देत. 'जपा' म्हणाले तर खुर्चीतून उठू नका, काय जपायचं ते एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा. आणि 'नुकसान तर काही नाही' असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

याने माझं काही परत येणार नाही. आप्पांचे दंड आता माझ्या मनगटाएवढे झालेत. अळणीवरून भांडणारा माणूस, आता मीठही मागत नाही. वाटी पुढे ठेवली की आधी माझ्याकडे बघतात. "हे चालेल का?" पाण्याच्या घोटालाही विचारतात. त्यांच्या लेखी मी सगळं वाचलेली, हुशार मुलगी.

मागच्या रविवारी दुपारी मी त्यांना सांगून टाकलं. ते मीठ मी आणलं होतं, पुडी उलटी करून बघितली नव्हती, शहाळी नंतर आली. सुनील काकांना बोलला तेव्हा मी गप्प बसले, हेही सांगितलं.

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "मोऱ्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी त्याला सांग जा."

मी गेले. काका दारातच पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी तीन महिने झोपलो नाही गं." मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. त्यांचं बरोबरच होतं. पण संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. रिकाम्या हाताने आले आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. दोघं आपापल्या जुन्या जागी बसले. मला तेवढ्यानेही भरून आलं.

ते गेल्यावर मी आप्पांचं ताट वाढलं. भात, पाणी काढलेली कोबीची भाजी, अर्धी पोळी. माझ्या हातचं आता ते खातील की नाही, मला खात्री नव्हती. मी ताट ठेवून तिथेच बसले.

आप्पांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं.

"हे चालेल का?"